क्लम्झी म्हणजे धांदरट, वेंधळा की धसमुसळा?

बोरूबहाद्दर

मंडळी, एका इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटल्स करतेय. पहिल्याच भागात नायिका एका माणसाच्या अंगावर कॉफी सांडते आणि म्हणते, आय ॲम सो क्लम्झी. मी "मी ना फारच धांदरट आहे" लिहून मोकळी झाले. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून "वेंधळी" केलं, आणि त्यांच्या वरच्या साहेबांनी फाईल परत पाठवताना बाजूला "धसमुसळी?" असं प्रश्नचिन्हासकट लिहून ठेवलं. तिघांचे तीन शब्द आणि गंमत म्हणजे मला तिन्ही पटतायत.

पुढे अजून घोळ आहे. तिसऱ्या भागात हाच शब्द एका माफीला लावलाय, क्लम्झी ॲपॉलॉजी, आणि पाचव्या भागात एका खोट्या सहीला. आता माफी धांदरट कशी असेल? आणि सही वेंधळी?

माझं आत्ताचं मत असं की इंग्रजीत काय सांडलं, काय फुटलं तेवढं बघतात आणि माणसाला क्लम्झी म्हणून मोकळे होतात, का सांडलं ते विचारत नाहीत. आपल्याकडे आधी कारण ठरवायचं आणि मग त्या कारणाचा शब्द माणसाला चिकटवायचा. पटतंय का बघा. आणि प्लीज शब्दकोशातले फोटो टाकू नका, ते सगळे बघून झालेत, तुमच्या घरात काय म्हणतात ते सांगा.

रिकामटेकडा

यात अवघड काय आहे. दूध गॅसवर ठेवून जो गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगमधलं भांडण ऐकत उभा राहतो आणि दूध उतू जातं तो वेंधळा. दूध वर येतंय हे दिसल्यावर जो धावत सुटतो, पातेलं नुसत्या हाताने धरतो, चटका बसला म्हणून सोडतो आणि ओटाभर दूध करतो तो धांदरट. आणि जो मुळात पातेलं गॅसवर ठेवतानाच असं आदळतो की शेजारची साखरेची बरणी खाली येते तो धसमुसळा. नुकसान तिन्ही वेळा झालंच. पण वेंधळ्याचं लक्ष नव्हतं, धांदरटाला घाई होती, आणि धसमुसळ्याला ना घाई असते ना त्याचं लक्ष नसतं, त्याला फक्त कुठे किती जोर लावायचा ते कळत नाही, दार लावेल तर कडी निखळेल आणि लहान मुलाचे लाड करायला जाईल तर मूल रडायला लागेल.

गबाळ्याला यात ओढू नका. गबाळ्याच्या हातून काही पडत नाही, बिचाऱ्याचा शर्ट एका बाजूने बाहेर असतो एवढंच.

तुमच्या नायिकेने कॉफी कशी सांडली ते सांगा, मग शब्द देतो.

बोरूबहाद्दर

फोनवर बोलता बोलता गर्रकन वळली, मागे तो उभा होता.

रिकामटेकडा

मग तपासणाऱ्या बाई बरोबर. वेंधळी. धाग्याला कुलूप लावा :)

माळरान

कुलूप एवढ्यात नको. आमच्याकडं कोल्हापूर साईडला वेंधळा नाही म्हणत, येंधळं म्हणतात, आणि पोरगा असो पोरगी असो ते नपुंसकलिंगीच, "लई येंधळं हाय ते". वेंधळा म्हटलं की खोड काढल्यासारखं वाटतं, येंधळं म्हटलं की त्यात निम्मी माया असते. सबटायटलमध्ये चालणार नाही हे ठाऊक आहे पण तुम्ही घरातलं विचारलंत म्हणून सांगितलं.

सान्वीचीआई

कारणाचा मुद्दा एकदम पटला. कपबशी फुटल्याचा आवाज आला की आतल्या खोलीतून पहिला प्रश्न "लक्ष कुठाय?", दुसरा "डोळे कुठे ठेवले होतेस?", आणि मग "हाताला काय भोकं पडलीत का?". "लागलं का" हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि तो पण तुकडे गोळा करताना.

पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. मुलगी जरा मोठी झाली की तिला लावायचं वेगळंच वाक्य आहे, "हाताला वळण म्हणून नाही". हे मी कुठल्याच मुलाला म्हटलेलं ऐकलं नाहीये. मुलाने फोडलं की "मुलगाच तो, धसमुसळा असायचाच", आणि मुलीने सांडलं की ती सांडलवंड तिच्या सासरपर्यंत पोचते. म्हणजे आपण कारण ठरवतो हे खरं, पण कुणाच्या हातून पडलं ते बघून ठरवतो.

रिकामटेकडा

+१. माझ्या वर्गीकरणात हा रकाना नव्हता.

उत्तरध्रुव

मी स्टॉकहोमजवळ राहतो, इथे रोजच्या बोलण्यात क्लुम्पिग म्हणतात, क्लुम्प म्हणजे ढेकूळ, गोळा. हात म्हणजे मातीचा गोळा अशी काहीतरी कल्पना असावी. पण इंग्रजी क्लम्झीची गोष्ट याहून भारी आहे आणि धागाकर्तीच्या "इंग्रजीत कारण विचारत नाहीत" या वाक्याला थोडी टाचणी लावणारी आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

हा शब्द मुळात सांडण्या-फुटण्याचा नाहीच, थंडीचा आहे. क्लम्स असं एक जुनं क्रियापद होतं, अर्थ थंडीने गारठून बधिर होणं, १४व्या शतकात लँगलंड नावाच्या कवीने ते थंडीच्याच संदर्भात वापरलंय. शब्द बहुधा स्कँडिनेव्हियातून तिकडे गेला, स्वीडिश बोलींमध्ये क्लम्सिग म्हणजे बधिर झालेला अशी नोंद आहे. इथे जानेवारीत हातमोजे काढून सायकलचं कुलूप उघडायचा प्रयत्न केला की हा शब्द कसा जन्मला असेल ते आपोआप कळतं. किल्ली बोटात आहे हे डोळ्याला दिसतं पण बोटाला कळत नाही.

तर त्या क्रियापदावरून १६व्या शतकाच्या अगदी शेवटी क्लम्झी हे विशेषण आलं. तेव्हा लंडनमध्ये जॉन मार्स्टन नावाचा एक तरुण नाटककार होता, त्याला नवे आणि अवजड शब्द वापरायची भारी हौस. त्याने १६०० च्या आसपास एका सूडनाटकाच्या सुरुवातीलाच "क्लम्झी विंटर" असं लिहिलं. हिवाळा कुणाच्या अंगावर कॉफी सांडत नाही, त्याला म्हणायचं होतं बधिर करणारा हिवाळा. झालं, बेन जॉन्सन हा दुसरा नाटककार त्याच्यावर आधीच खार खाऊन होता. त्याने १६०१ मध्ये पोएटास्टर नावाचं नाटक आणलं आणि त्यात मार्स्टनवर बेतलेल्या एका कवड्याला स्टेजवर गोळ्या चारल्या. त्या गोळ्यांनी तो कवडा भांड्यात एकेक शब्द ओकतो आणि बाकीचे आत डोकावून काय निघालं ते बघतात. त्या ओकारीत चिलब्लेन्ड म्हणजे थंडीने बोटं सुजलेला हा शब्द आहे आणि क्लम्झी पण आहे. म्हणजे १६०१ मध्ये हा शब्द सभ्य माणसाच्या पोटात टिकू नये असा समजला जात होता.

आणि त्याच भांड्यात अजून काय होतं माहितीये? रेट्रोग्रेड, रेसिप्रोकल, डिफंक्ट, स्प्युरियस, स्ट्रेन्युअस. आज यातला एकेक शब्द सरकारी पत्रात असतो. जॉन्सन नाटककार मोठा, पण शब्दांच्या बाबतीत मार्स्टनने त्याला घोळात घेतलं.

पावशेर

वा, काय प्रतिसाद आहे, वाचनखूण साठवली. पण एक शंका. व्युत्पत्ती कितीही रंगतदार असली तरी आज लंडनमधला माणूस क्लम्झी म्हणताना थंडी डोक्यात आणत नाही ना? मग सबटायटलला त्याचा काय उपयोग? अजागळ म्हणताना आपल्यापैकी किती जणांच्या डोळ्यासमोर शेळीच्या गळ्याला लोंबणारी ती दोन मांसाची बोंडं येतात? संस्कृतात अजागलस्तन न्याय आहे, दिसायला स्तन पण दूध नाही, म्हणजे निरुपयोगी. आपण मात्र तेल न लावलेले केस आणि उसवलेली शिवण बघून अजागळ म्हणतो.

उत्तरध्रुव

थंडी डोक्यात नसते हे मान्य. पण सावली राहते. क्लम्झी म्हटलं की इंग्रजी माणूस आधी हाताकडे किंवा शरीराकडे बघतो, "लक्ष कुठाय" विचारत नाही, लक्ष नसेल तर तो केअरलेस हा वेगळा शब्द काढतो आणि तो शब्द लागतो पण जास्त. म्हणूनच लोक स्वतःला हसत हसत क्लम्झी म्हणवून घेतात, केअरलेस कुणी म्हणवून घेत नाही. कॉफी सांडल्यावर "मी क्लम्झी" म्हणणं हा माफी मागण्याचा एक सुरक्षित प्रकार आहे, दोष माझ्या हाताचा, माझा नाही.

डावरा

हाताचा विषय निघालाच आहे तर मी बोलणार, मी डावखुरा. युरोपातल्या भाषांनी धांदरटपणाचं निम्मं खापर आमच्या डोक्यावर फोडलंय. गॉश हा शब्द घ्या, इंग्रजीत तो चारचौघांत कसं वागावं ते न कळणाऱ्याला लावतात, फ्रेंचमध्ये त्याचा सरळ अर्थ डावा. मॅलाड्रॉइटच्या पोटात ड्रॉइट म्हणजे उजवा बसलाय. डेक्स्टेरिटी म्हणजे हस्तकौशल्य, आणि डेक्स्टर म्हणजे लॅटिनमधला उजवा. ब्रिटनमध्ये कॅक-हँडेड म्हटलं तर डावखुरा पण होतो आणि धांदरट पण होतो, एकाच शब्दात दोन्ही उरकतात.

आपल्याकडे "डावं ठरणं" आहे, नाही असं नाही, आणि पंगतीत डाव्या हाताने वाढलं की काय होतं ते मला विचारा. पण "हा तर माझ्या डाव्या हातचा मळ" असं आपण सोप्या कामाला म्हणतो, तेवढ्यापुरती मराठी बरी. आणि ज्यांना अजून शंका आहे त्यांनी सचिन बघावा, सही डाव्या हाताने आणि बॅटिंग उजव्या. गांगुलीचं नेमकं उलट, बाकी सगळं उजव्या हाताने आणि बॅटिंग डावी. यातला धांदरट कोण ते ठरवा आणि मला कळवा.

म्युनिकची_माई

डावरा, जर्मनमध्ये तर "त्याला दोन डावे हात आहेत" असं सरळ म्हणतात. पण जर्मनचा माझा आवडता शब्द टोलपाच, धडपडणारा माणूस. मूळ हंगेरियन, तिकडे टाल्प म्हणजे तळपाय, आणि हंगेरीच्या पायदळातल्या शिपायांना जर्मन लोकांनी दिलेलं हे टोपणनाव. पुढे शिपाई गेले आणि धडपडणं राहिलं. लोकांना वाटतं तो टोल म्हणजे "मस्त, वेडा" वरून आलाय, म्हणून १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेत त्यात एक एल वाढवून टाकला, चुकीची समजूतच अधिकृत झाली. आपल्याकडे असं झालं असतं तर चार साहित्य संमेलनं त्यावर पार पडली असती. (हलके घ्या.)

अमेरिकेतला क्लट्झ पण याच कुटुंबातला, यिडिशमधून (युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून) आलेला, मूळ अर्थ लाकडाचा ठोकळा.

झेलसुटला

एवढे प्रतिसाद झाले आणि बटरफिंगर्स कुणीच काढला नाही? तो क्रिकेटमुळे आपल्याला ठाऊक पण क्रिकेटच्या आधीचा आहे. १६१५ मध्ये जर्व्हेस मार्कम नावाच्या गृहस्थाने गृहिणींना उपदेश करणारं पुस्तक लिहिलं, त्यात स्वयंपाक करणारी बाई कशी नसावी ते सांगितलंय: लोण्याच्या बोटांची नसावी, गोडघाशी नसावी, भित्री नसावी. कारण पहिली सगळं पाडेल, दुसरी वाढवायचं तेच खाऊन संपवेल आणि तिसरी नको तितकी काळजी घेत बसून वेळ घालवेल. सान्वीचीआई, बघा, हाताला वळण नाही हे तिकडे पण बाईलाच!

क्रिकेटमध्ये तो दिसतो १८३६-३७ मध्ये, डिकन्सच्या पिकविक पेपर्स या कादंबरीतल्या मॅचमध्ये. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं झाली तरी कॉमेंटेटरांना दुसरा शब्द सापडलेला नाही. आमच्या ग्राउंडवर मात्र लोणी नाही, "हाताला तेल लावून आलायस का रे" असतं, आणि त्याच्या पुढचं इथे लिहिता येणार नाही.

थेरपीताई

उशिरा येतेय. मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि हा शब्द माझ्याकडे रोज येतो, म्हणून थोडा मिठाचा खडा टाकते.

काही मुलं खरोखरच वयाच्या मानाने खूप अडखळतात. पहिली-दुसरीत आली तरी शर्टाची बटणं लागत नाहीत, डब्याचं झाकण उघडत नाही म्हणून डबा तसाच परत येतो आणि घरी वाटतं भाजी आवडली नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही, चेंडू हातात येईपर्यंत हात मिटलेले असतात, जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतात, आणि लिहिताना पेन्सिल इतकी दाबतात की मागच्या पानावर उठतं. बुद्धी उत्तम असते, बोलणं चुरचुरीत असतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं मुद्दाम करतोय. याला आता डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात, लोकांच्या तोंडी डिस्प्रॅक्सिया. शाळकरी वयात साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये असतं, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीनेक.

आता धाग्याचा विषय. याचं जुनं नाव क्लम्झी चाइल्ड सिंड्रोम होतं. गब्बे नावाच्या ऑस्ट्रेलियन न्यूरॉलॉजिस्टने १९७५ मध्ये याच शब्दाचं शीर्षक देऊन पुस्तक लिहिलं. १९८७ मध्ये अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या यादीत नवं नाव आलं, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात एफ ८२ या क्रमांकाखाली जुनं नाव राहिलंच. नाव बदलावं लागलं कारण शाळेत ते चिडवायचं नाव झालं होतं.

पण मला धागाकर्तीचा मुद्दा उलटा करायचाय. तुम्ही म्हणता आपण आधी कारण ठरवतो, आणि ते जणू मराठीचं बारीक कौशल्य आहे. आईवडील माझ्यासमोर बसून "फार धांदरट आहे हो" म्हणतात तेव्हा ते म्हणतात याला घाई आहे. वेंधळा म्हणतात तेव्हा म्हणतात याचं लक्ष नाही. या मुलांच्या बाबतीत दोन्ही खोटं. बाकीची मुलं पाणी पिताना वर्गातल्या गप्पा ऐकू शकतात, या मुलाचं सगळं लक्ष ग्लास तोंडापर्यंत नेण्यातच खर्च झालेलं असतं. त्याला "लक्ष दे" म्हणणं म्हणजे जे तो आधीच करतोय तेच परत करायला सांगणं. म्हणून इंग्रजीतला तो कारण न विचारणारा शब्द मला कधीकधी बरा वाटतो, निदान खोटा आरोप तरी करत नाही.

रिकामटेकडा

ताई, आणि माझा धसमुसळा?

थेरपीताई

तो पण. पेन्सिल दाबणारा मुलगा मोठा झाला की दाराची कडी निखळते. किती जोर लावायचा याचा अंदाज स्नायू आणि सांध्यांकडून मेंदूला मिळत असतो, काहींना तो नीट मिळत नाही किंवा नीट वापरता येत नाही. सगळेच धसमुसळे तसे नसतात, काहींना नुसतं कुणी हळू ठेव म्हणून सांगितलेलं नसतं.

सान्वीचीआई

ताई, आमच्या शेजारचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, अगदी तुम्ही लिहिलंय तसाच. त्याच्या आईला काय सांगू?

थेरपीताई

इथे बघून निदान होत नाही आणि पाचच्या आत सहसा करत पण नाहीत, कारण त्या वयात मुलं फार वेगवेगळ्या वेगाने शिकतात. पण बालरोगतज्ज्ञाला दाखवून ठेवायला हरकत नाही, डोळे आणि इतर कारणं आधी तपासायला हवीत. नंतर जे काम अडतंय तेच काम छोट्या टप्प्यांत शिकवायचं असतं. नाडी बांधायची तर नाडीच, मणी ओवण्याचा वेगळा व्यायाम देऊन नाडी आपोआप येईल असं होत नाही. मुलाला आधी विचारायचं काय करायचंय, कसं करशील, मग करून बघ, मग जमलं का ते तूच सांग. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, तपासणारे आपण नाही.

आणि त्यांना हेही सांगा की आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव स्पष्ट आहे. शाळा "असं काही नसतं" म्हणाली तर उपयोगी पडतं.

बग_आणि_मी

गंभीर प्रतिसादानंतर माझा फालतू. विंडोजवर क्लम्झी नावाचं एक छोटं फुकट टूल आहे, नेटवर्क मुद्दाम खराब करून आपलं ॲप तग धरतं का ते बघायला. त्यात पर्याय काय आहेत बघा: पॅकेट (माहितीचा तुकडा) उशिरा द्यायचं, पाडायचं, अडवून धरून एकदम सोडायचं, दोनदा द्यायचं, क्रम उलटसुलट करायचा, किंवा आतला मजकूर बिघडवायचा. लग्नात वाढायला उभा केलेला आमचा एक भाचा हुबेहूब असाच आहे, जिलबी एकाला दोनदा, पुढच्याला नाही, आणि मठ्ठा भाताच्या आधी.

कोडला क्लम्झी म्हणतात तेव्हा मात्र पाडापाडी नसते, काम होतं पण वळसे घालून होतं. तिथे आम्ही "कसंबसं चालवलंय" म्हणतो.

बोरूबहाद्दर

थेरपीताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या मूळ मुद्द्याची हवा बरीच गेली, पण त्याबद्दल तक्रार नाही. बग_आणि_मी, तुमचं "कसंबसं" मला माफीसाठी उपयोगी पडेलसं वाटतंय. बाकीच्यांनो, माफी आणि सही अजून लटकलीये.

शिळाप्रेस

वस्तूंना, वाक्यांना आणि कारभाराला क्लम्झी लावलं की मराठीत प्रत्येकाचं दुकान वेगळं. भाषांतर बोजड, हत्यार ओबडधोबड, पालिकेचा कारभार गलथान नाहीतर ढिसाळ (भोंगळ पण चालतं, अग्रलेखात तेच जास्त), आणि लपवायचा प्रयत्न असेल तर केविलवाणा. वर्तमानपत्रात काम केलेल्या माणसाला हे शब्द झोपेत येतात, कारभार म्हटलं की गलथान हात जोडून उभाच असतो.

बोलण्यातल्या क्लम्झीपणाला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे तो म्हणजे पोच. म्हणजे नसलेली पोच. वजन वाढलेल्या बाईला "तब्येत सुधारली हं" म्हणणारा माणूस वाईट नसतो, त्याला कौतुकच करायचं असतं, पण बोलायची पोच नसते. तुमच्या मालिकेतल्या माफीत तो माणूस भलतंच काही बोलून बसतो की नुसता चाचरतो? भलतंच बोलत असेल तर "माफी मागायची पण पोच नाही याला". चाचरत असेल तर "कशीबशी माफी मागितली". विशेषण शोधू नका, मराठी अशा ठिकाणी क्रियाविशेषणावर निभावते.

सहीसाठी "सही मारलीये पण लगेच कळतंय". बस.

अधांतरी

शिळाप्रेस, पोच एक नंबर.

कुणीच ऑकवर्ड घेतला नाही याचं आश्चर्य वाटलं, कारण क्लम्झी आपण मराठी बोलताना क्वचितच वापरतो पण ऑकवर्ड मात्र रोज, "मला इतकं ऑकवर्ड झालं ना". हा शब्द पण आधी दिशेचा, ऑक म्हणजे उलट बाजूला वळलेला. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीच्या नाटकात राणी म्हणते की ऑकवर्ड वाऱ्याने माझं जहाज दोनदा इंग्लंडच्या किनाऱ्यापासून मागे ढकललं. तिथे वारा लाजत नाहीये, उलटा वाहतोय.

आणि यासाठी आपला शब्द बघा, अवघडल्यासारखं. पंगतीत मांडी घालून बसून पाय अवघडतो, रक्त अडतं, मुंग्या येतात, उठायला गेलं की पाय आपला वाटत नाही. तोच शब्द अनोळखी घरात सोफ्याच्या कडेवर बसलेल्या माणसाला. आणि दिवस गेलेल्या बाईला पण अवघडलेली म्हणतात, तिथे शरीर खरंच जड झालेलं असतं. म्हणजे मराठी नेहमी लक्षाला नाहीतर घाईलाच धरते असं नाही, इथे ती थेट बधिर झालेल्या पायापासून निघालीये, उत्तरध्रुव यांच्या गारठलेल्या बोटांसारखीच.

उत्तरध्रुव

हे डोक्यातच आलं नव्हतं! मग कॉफी सांडणाऱ्या नायिकेला अवघडलेली म्हणावं का? :)

अधांतरी

म्हणाल तर प्रेक्षक पुढच्या भागात बारशाची वाट बघतील.

माळरान

:ड :ड

आणि धडपड विसरू नका. जिन्यावरून धडपडला म्हणजे पडला, आणि "पोरानं लई धडपड केली" म्हणजे कष्ट केले. पडणं आणि झगडणं एकाच शब्दात बसवलंय. कारखान्यात चिकटायला धडपडणारा पोरगा आणि पायरी चुकलेला पोरगा, वाक्य पुढं गेल्याशिवाय कुठला ते कळत नाही.

पावशेर

एक छोटं अवांतर, हा क्लम्झी की क्लम्सी? मी झ नेच लिहितो, आणि तो झाड-माझा मधला झ, झेंडा-झेपमधला नाही. हिंदीवाल्यांना ज खाली नुक्ता द्यावा लागतो, आपल्याकडे सोय आयतीच आहे.

शिळाप्रेस

झ बरोबर. पण स ने लिहिलेलं पण छापून येतं, डोकं फिरवून घेऊ नका.

बोरूबहाद्दर

सगळ्यांचे आभार. आत्ता केलेले बदल सांगते. माफीच्या सीनमध्ये तो चाचरतो, म्हणून बहिणीच्या तोंडी "कशीबशी माफी मागितलीस" टाकलं. सहीला शिळाप्रेस यांचं वाक्य जसंच्या तसं. कॉफीच्या सीनला "वेंधळी" ठेवणार होते, पण थेरपीताईंचा प्रतिसाद आणि उत्तरध्रुव यांचं "दोष माझ्या हाताचा" दोन्ही डोक्यात होतं, म्हणून विशेषणच काढलं: "सॉरी सॉरी! माझ्या हातून ना काहीतरी सांडतंच". साहेबांना पाठवलंय.

रिकामटेकडा

वाक्य छान पण नवव्या भागात नायकाने तिला प्रेमाने "माय क्लम्झी गर्ल" म्हटलं तर काय करणार? "माझी हातून सांडणारी मुलगी"?

बोरूबहाद्दर

नवव्या नाही, सातव्याच भागात म्हणतो. तिथे धांदरट ठेवणार आहे, एक तर तो शब्द मुलगा-मुलगी दोघांना बदलत नाही आणि दुसरं म्हणजे प्रेमात म्हणायला बरा.

माळरान

प्रेमात येंधळंच. लिहून बघा एकदा.